फ्रिजच्या दारातला नमुना

लिफ्टमध्ये उस्ताद असले की मला धडकी भरायची. सलाम-नमस्कार राहिला बाजूला, हा माणूस आधी वास घ्यायचा. तोही चोरून नाही. मान जराशी पुढे काढून, डोळे मिटून, अगदी निवांत. मग निकाल. "मेथी. कांदा करपलाय आज." डबा पिशवीत, पिशवी खांद्याला, झाकण घट्ट, आणि लिफ्टमध्ये आणखी चार माणसं. मी कितीदा तरी जिने उतरून गेलेय, ते काही व्यायामाची हौस म्हणून नाही.

आखातातल्या आमच्या शहरात, बिन महमूद भागातल्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये ते पाचव्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. घरून सुटका झाली तरी पुढे दिवसभर एकाच गॅस कंपनीच्या लॅबमध्ये. ते सीनियर केमिस्ट, मी त्यांच्या हाताखाली. मूळचे राजापूरकडचे कोकणी मुसलमान, आंब्याची कलमं बांधणाऱ्यांचं घराणं. आमच्या एका इजिप्शियन मॅनेजरने त्यांना कधीतरी उस्ताद म्हटलं आणि तेच नाव पडलं. माझ्याशी शाळेतली मराठी बोलायचे, चिडले की कोकणी. मी नाशिकची, माझी जीभ काही कमी नाही, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. ते मला किती आवडायचे हे ते गेल्यावर कळलं, असं लिहायची पद्धत आहे. मला ते आधीपासून माहीत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीव नकोसा होतो.

आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. मिश्रणात काय काय आहे ते वेगळं करतं आणि कागदावर एकेका घटकाचा सुळका काढून देतं. उस्तादांचं अर्धं आयुष्य त्या सुळक्यांत गेलं. नव्या माणसाला ते पहिल्याच आठवड्यात एक बाटली द्यायचे आणि सोबत कागद: यात पाच घटक आहेत, तपासून आण. घातलेले असायचे चारच. जो येऊन सांगेल की उस्ताद, यात एक कमी आहे, त्याला त्यांच्या हातचा आल्याचा चहा. ड्रॉवरमध्ये किटली, आलं किसायची बोटभर किसणी, सगळी तयारी असायची. मला मशीनने चार सुळके दाखवले, तर मी म्हटलं मशीन बिघडलं असणार, आणि कागदावर होते म्हणून रिपोर्टमध्ये पाचही लिहून टाकले. उस्तादांनी माझा रिपोर्ट वाचला आणि शांतपणे फाडला. अकरा दिवस मला चहा मिळाला नाही.

पुढे एकदा मी विचारलं की असा छळ का करता. तेव्हा म्हणाले, "बरोबर असलं की माणूस सही करतो आणि निघून जातो. काहीतरी कमी असलं की यावं लागतं. दार वाजवावं लागतं. बोलावं लागतं." मला वाटलं, म्हाताऱ्याला चहाला सोबत हवी असते. मी हसून सोडून दिलं.

दुसरा त्यांचा जगजाहीर विक्षिप्तपणा म्हणजे पार्सल. इथून कोणी गावी निघालं की आपल्याकडे सगळ्यांना कंठ फुटतो. अमक्याचा चिवडा, तमक्याची औषधं, एवढंसं तर आहे, बॅगेत कोपऱ्यात मावेल. उस्ताद सुट्टीवर निघाले तर कोणाचं काही घ्यायचे नाहीत, आणि येताना तर सुईसुद्धा नाही. एका भाबड्या बाईंनी मुलीसाठी पेढे दिले, तर त्यांनी तिथेच, बाईंच्याच दारात, सुरीने प्रत्येक पेढ्याचे दोन तुकडे करून हुंगले आणि मग सगळा पुडा परत केला. बाई रडल्या. दुसऱ्याच्या पार्सलपायी विमानतळावरून थेट तुरुंगात गेलेल्या लोकांच्या गोष्टी आम्हां सगळ्यांनाच पाठ आहेत. "दुसऱ्याचं पार्सल न्यायचं नाय," ते सगळ्या लॅबला बजावायचे. "बापाचं असलं तरी."

त्यांचा मुलगा कॅनडात. कोणी विचारलं की उस्ताद म्हणायचे, शेती करतो. रसायनशास्त्र शिकायला पाठवलेला पोरगा शेती कसली करतो, हे मला भाभींनी सांगितलं. भाभी म्हणजे त्यांची बायको. तिकडे कायद्याने परवाना घेऊन गांजाची झाडं वाढवतात, त्या कंपनीत हा नव्या जाती तयार करतो. उस्तादांच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. म्हणायचंच झालं तर "ते झाड". एक तर धर्माने वर्ज्य, त्यात इथला कायदा, त्यात एवढ्या वर्षांची अब्रू. ज्या दिवशी मुलाने नोकरीचं सांगितलं त्या दिवसापासून उस्ताद त्याच्याशी बोलले नाहीत. सात वर्षं. भाभी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून त्याच्याशी बोलायच्या, आणि हे बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसायचे. मी स्वतः पाहिलंय. बातम्या वाचणारी बाई ओठ हलवतेय आणि यांचे कान आतल्या खोलीत.

मग भाभी गेल्या. मुलगा आला, तीन दिवस राहिला, बापलेक कागदपत्रांपुरतं बोलले. तो परत गेला आणि ते घर पार मुकं झालं. महिन्याभराने त्याची ईमेल आली. मजकूर काही नाही, नुसता एक रिपोर्ट जोडलेला. त्याने स्वतः तयार केलेल्या पहिल्या संकराचा.

उस्तादांनी तो ऑफिसात छापला, हे त्यांनी सांगितल्यावर मी आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. पण त्यांनी कात्रीने वरची पट्टी, जिच्यावर झाडाचं नाव होतं ती, कापून तुकडे करून टाकली होती. उरले सुळके आणि खालच्या दोन ओळी. घडी घालून शर्टाच्या खिशात. दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी तो माझ्यासमोर उलगडला आणि जणू कुठल्या तरी तेलविहिरीचा असावा तसा मला वाचून दाखवला. या झाडाचा जो वास असतो तो टर्पीन नावाच्या तेलकट द्रव्यांचा. सगळ्यात उंच सुळका मिर्सीनचा. दुसरा लिमोनीनचा. मग कॅरियोफिलीन, लिनालूल, आणि शेवटी ह्युम्युलीन, जेमतेम. "यातलं एकही नवं नाही," ते म्हणाले. "मिर्सीन आपल्या आंब्यात. सालीला नख लावलंस की जो येतो तो. लिमोनीन लिंबाच्या सालीत, कॅरियोफिलीन मिरीत, लिनालूल धन्यांत. आणि ह्युम्युलीन म्हणजे इथले लोक चहात मरमियाचा पाला घालतात ना, त्यात. नशा या कशात नाही. नशेचं द्रव्य वेगळंच, त्याला वाससुद्धा नाही. वास बिचारा निर्दोष आहे गो."

मी विचारलं, मग खालच्या बाजूला हे काय लिहिलंय? खाली आईबाप लिहिले होते. आई डोंगराळ मुलखातली, बुटकी, रुंद पानांची, जिने अंग जड होतं आणि झोप येते म्हणतात. बाप उष्ण मुलखातला, उंच, बारीक पानांचा, जो डोकं जागं ठेवतो म्हणे. संकरात दोघांचंही थोडं थोडं उतरलं होतं: अंग सैल, मन जागं. हे लोकांच्या अनुभवाचं, त्याला काही शास्त्राचा शिक्का नाही, असंही उस्तादांनी सांगितलं. कलमात झाड जसंच्या तसं उतरतं, संकरात काय निघेल ते आधी कोणाला कळत नाही, हे त्यांनी त्यांच्या आजोबांच्या बागेत पाहिलेलं होतं. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "आईचा वास, बापाची उंची. आमचा हाही तसाच निघाला होता." मग त्यांनी कागदाची घडी केली आणि डबा न खाताच उठले.

ईमेलला उत्तर मात्र दिलं नाही. मी दहादा सांगितलं, दोन ओळी लिहा. काय लिहू, म्हणायचे. आणि उत्तराऐवजी त्यांनी जे सुरू केलं त्याने अख्खी बिल्डिंग हैराण झाली. मुलाच्या झाडाचा वास स्वयंपाकघरात तयार करायचा, त्या झाडाचं पान न पाहता. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवलेली, टोकाला बाटली. आंब्याच्या साली, लिंबाच्या साली, तमालपत्र, कुटलेली मिरी, धने, मरमिया. चार तासांनी थेंब-दोन थेंब तेल. चौकीदार दोनदा वर येऊन गेला. दर शुक्रवारी दुपारी मला बोलावणं: ये, वास घे. मी नाकं मुरडत जायचे. एकदा म्हटलं, लिंबू फार झालंय, भांड्याच्या साबणासारखं येतंय. तर केवढे खूश झाले. "होय, होय. दोन थेंब कमी करतो." असं दोन वर्षं चाललं.

यात एक मोठी गोम होती आणि ती त्यांनाही ठाऊक होती. खरा वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता आणि घेणार नव्हते. बाटलीतलं बरोबर जमलंय की नाही, हे सांगू शकणारा माणूस त्यांच्या दृष्टीने जगात एकच होता.

मी दिराकडे टोरांटोला जाणार असं ठरलं तेव्हा उस्ताद खाली आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. हातात रुमालात गुंडाळलेली बोटभर तपकिरी बाटली. मुलगा तिथून दीड तासावर राहतो, येऊन घेऊन जाईल, नंबर हा. मला हसू आलं. मी म्हटलं, उस्ताद, दुसऱ्याचं पार्सल न्यायचं नाही ना? बापाचं असलं तरी? ते हसले नाहीत. "एवढं ने. त्याने वास घ्यावा आणि काय ते मला सांगावं. बस." सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, माझ्या दारात उभा राहून माझ्याकडे काहीतरी मागत होता. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

निघायच्या सकाळी मी बॅग भरत होते. बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळावी म्हणून काढली आणि झाकण नीट लागलंय का ते बघायला उघडली. नवरा शेजारी इस्त्री करत होता. त्याने मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. म्हणाला, हा वास कुठून येतोय? मी सांगितलं, मिरी-धने आहेत. तो म्हणाला, हा आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरचा वास आहे, मला चांगला माहितीये. विमानतळावर कुत्री असतात, त्यांना काय मिरी-धने सांगणार तू? तपासात निर्दोष सुटशील गं, पण तोपर्यंत कुठे असशील? मुलगी दारात उभी राहून "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" विचारत होती.

उस्तादांना जमलं होतं, याची ती सगळ्यात मोठी पावती होती. आणि ती मिळाली माझ्या नवऱ्याच्या घाबरण्यातून. तेव्हा हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी बाटली सिंकमध्ये ओतली. भांड्याचा साबण घालून तीनदा धुतली, एक्झॉस्ट लावला, उदबत्ती लावली, आणि बाटली खालच्या कचऱ्यात टाकून आले. हे सगळं करताना मी तो वास घेत होते. दोन वर्षं शुक्रवारी-शुक्रवारी घेतलेला वास. तरी त्यात काय आहे आणि काय नाही याकडे माझं लक्ष गेलं नाही. त्यांनी शिकवलेल्या माझ्या नाकाला त्या दिवशी फक्त पोलीस दिसत होते.

टोरांटोत मी मुलाला फोन केला नाही. काय सांगणार होते? तुझ्या बापाने दोन वर्षं खपून पाठवलेलं मी मोरीत ओतलं? उद्या करू, परवा करू करत तीन आठवडे गेले. आणि परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये उस्ताद किटली भरून बसलेले. दोन कप काढून ठेवलेले.

"दिलंस?"

"दिलं."

"काय म्हणाला?"

"बरोबर आहे म्हणाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लगेच म्हणाला?"

माणूस खोटं बोलायला लागला की उगाच उदार होतो. मला वाटलं, देऊन टाकावं सगळंच. मी म्हटलं, "लगेच. वास घेतला आणि म्हणाला, बरोबर आहे."

"बरं," उस्ताद म्हणाले. किटलीचं बटण त्यांनी बंद केलं आणि दोन्ही कप ड्रॉवरमध्ये परत ठेवले. चहा झाला नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. मी जागेवर जाऊन कामाला लागले आणि, खरं सांगते, मला हलकं वाटलं.

त्यानंतर ते बदलले. लॅबमध्ये फोन आणायचा नाही हा त्यांचाच नियम होता; आता त्यांचा फोन मशीनशेजारी उताणा पडलेला असायचा. लिफ्टमध्ये वास घेणं थांबलं. मी मुद्दाम एकदा लसणाची फोडणी जाळून डबा नेला. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शुक्रवारची बोलावणी बंद झाली, कुकरला परत शिट्टी लागली. मी विचारलं की आता पुढचं काय, तर म्हणाले, खलास. झालं ते. चार महिन्यांनी एका दुपारी नमाजानंतर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दफन इथेच झालं, भाभींच्याच कब्रस्तानात. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. विमान चुकलं होतं त्याचं.

घर आवरायला मी गेले होते. बापाएवढाच उंच, बापासारखंच खांद्यात वाकून चालणं. मला ताई म्हणाला. दोघांनी मिळून कपड्यांच्या पिशव्या केल्या, औषधं टाकली. मग मी फ्रिज रिकामा करायला घेतला आणि दारातल्या कप्प्यात, लोणच्याच्या बाटलीमागे, ती दिसली. बोटभर, तपकिरी. वर उस्तादांच्या अक्षरात चिठ्ठी: राखीव नमुना. मला कळायला हवं होतं. लॅबमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मागे ठेवायचा, पुढे काही वाद झाला तर पडताळायला. उभ्या आयुष्यात त्यांनी तो नियम मोडला नव्हता.

मुलाने ती माझ्या हातातून घेतली. विचारलं हे काय. मी म्हटलं, तुम्ही पाठवलेल्या कागदावरून त्यांनी केलंय. त्याने झाकण काढलं. बाटली नाकाला लावली नाही, छातीपाशी धरली आणि तळहाताने वास आपल्याकडे ओढला, अगदी उस्ताद ओढायचे तसा.

"लिंबू नाही यात," तो म्हणाला. एक क्षणसुद्धा लागला नाही. "बाकी सगळं आहे. लिमोनीन तर दुसराच सुळका होता. अब्बांनी वाचला नाही, असं कसं होईल?"

मी तिथेच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पाच लिहिलेले आणि चार घातलेले. यावं लागतं, दार वाजवावं लागतं, बोलावं लागतं. मग मी त्याला सगळं सांगितलं: बाटलीतला कमी घटक, आल्याचा चहा, सिंक, साबण, टोरांटोतले तीन आठवडे. आणि मी उस्तादांना काय सांगितलं तेही. सांगताना मी रडत होते, पण मला त्याच्याकडून माफी नको होती, आणि त्याने ती दिलीही नाही.

लहानपणी अब्बा मला सरबत देऊन विचारायचे, तो म्हणाला, यात काय कमी आहे सांग. कधी मीठ नसायचं, कधी वेलची. मग माझ्याकडे वळला.

"त्यांनी विचारलं, लगेच म्हणाला का?"

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

उस्तादांनी काय मानलं असेल, हे मी तेव्हापासून रोज उलटसुलट करून बघते. मी खोटं बोलतेय हे त्यांनी ओळखलं आणि मला चहा दिला नाही, हे खरं असेल तर मला परवडेल. पण पोराने वास घेतला आणि त्याला काही कळलं नाही, किंवा कळलं, पण फोन करावासा वाटला नाही, असं मानून ते चार महिने त्या फोनशेजारी बसले असतील तर? मी ते मुलासमोर बोलले नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तोही तेच मोजतोय.

त्याने फ्रिजचा खालचा ट्रे ओढला. त्यात एक लिंबू होतं, आकसलेलं, एका बाजूने कडक झालेलं. त्याने नखाने त्याची साल काढली, बाटलीच्या तोंडावर धरून दुमडली, पिळली. पुन्हा एक तुकडा, पुन्हा पिळला. झाकण लावून हलवलं, उघडलं, तळहाताने वास ओढला. मग आणखी अर्धा तुकडा. माप तो बारकाईने घेत होता.

पुन्हा वास घेतला. मग तो बाहेरच्या खोलीकडे वळला, जिथे टीव्हीसमोर उस्तादांची खुर्ची अजून तशीच होती, आणि त्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं,

"अब्बा, आता बरोबर आहे."